गोठलेलं ॲसिड

जानेवारीचा दुसरा शुक्रवार. थंडी अशी की देवपुरातल्या बायका नळाखाली हात धरायला धजत नव्हत्या. बेबाबाईने मात्र पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं, देवीपुढे गूळ-फुटाण्याची वाटी ठेवली आणि हात जोडले. तिचा हा पंधरावा शुक्रवार. गेल्या पावसाळ्यात लेक भाविका डेंग्यूने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर धड काही सांगेनात, तेव्हा बेबाबाई संतोषी मातेला सोळा शुक्रवार बोलली. भाविका उठली, चालत रिक्षात बसली आणि पिंपळनेरला सासरी गेली. देवीने तिच्याकडचं केलं होतं. आता बेबाबाईकडचे दोन शुक्रवार उरले होते.

शुक्रवारी आंबट खायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, एवढाच व्रताचा नेम. बेबाबाईने त्याला आपल्या मनाचा आणखी एक जोडला होता, आंबटाला शिवायचंही नाही. आणि पोटासाठी ती गेली बारा वर्षं जे ओतत होती त्याच्याइतकं आंबट अख्ख्या धुळ्यात काही नसेल.

एमआयडीसीतल्या त्या छोट्या कारखान्यात मोठ्या पिंपांतून ॲसेटिक ॲसिड यायचं. त्याला सगळे ग्लेशियल म्हणत. ते पस्तीस किलोच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये भरून रंगाईवाल्यांना, रबरवाल्यांना पाठवायचं, एवढंच तिथलं काम. ग्लेशियल दिसायला पाण्यासारखं. वास शिरक्याचा, पण शंभर बरण्या नाकाशी एकदम उघडल्यासारखा. नवी बाई आली की हमखास म्हणायची, "शिरकाच ना? लोणच्यात घालतो तो?" बेबाबाई काही न बोलता डाव्या मनगटावरचा पांढरा डाग दाखवायची. पहिल्या वर्षी हातमोज्यात एक थेंब गेला होता. दुखलं नाही, म्हणून तिने पाहिलं नाही. संध्याकाळी भाकरी थापताना कातडी भाकरीसारखीच फुगून आली. "हे लगेच सांगत नाही," ती म्हणायची, "निवांत सांगतं."

म्हाताऱ्या शेठनी तिला सूट दिली होती. शुक्रवारी तिने ॲसिडच्या खोलीत जायचं नाही, पलीकडे सोड्याची पोती शिवायची. आठ महिन्यांपूर्वी योगराज सुपरवायझर म्हणून आला आणि ही सूट त्याच्या डोळ्यांत खुपू लागली.

त्या सकाळी तो दारातच उभा होता. "बेबाबाई, मालेगावचा टेम्पो बाराला येतोय. वीस कॅन पाहिजेत आणि सगळे दगड झालेत. चला आत."

भिंतीवरच्या थर्मामीटरचा पारा नऊवर होता. सोळाच्या खाली उतरला की ग्लेशियल गोठतं, काचेच्या लादीसारखं. ते वितळवायची बेबाबाईची एक रीत होती. कॅन दक्षिणेच्या भिंतीशी उन्हात मांडायचे, झाकण अर्धा आटा ढिलं करायचं, अंगावर गोणपाट टाकून त्यावर कोमट पाणी शिंपडत राहायचं. कोमट, हाताला सोसेल एवढंच. जवळपास विस्तव नको, कारण हे तापलं की याची वाफ पेट घेते. तीन तास लागायचे. पण बारा वर्षांत एक कॅन वाया गेला नव्हता.

"भाऊ, आज शुक्रवार आहे," ती हळूच म्हणाली. "उन्हात मांडायला लावा. कसं करायचं ते मी इथून सांगते."

"इथून सांगणार!" योगराज हसला. "सोडा चालतो वाटतं तुमच्या देवीला?"

"सोडा आंबट नाही, भाऊ."

"आणि ॲसिड काय तुम्ही ताटात वाढून घेता?"

तेवढ्यात आतून रत्ना आली. रत्ना तिची धाकटी जाऊ, दीपकची बायको. एकाच घरात दोन चुली, एकाच कारखान्यात दोन कामं, आणि दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. पाच वर्षांपूर्वी श्रावणात घरी कानबाई देवी बसली तेव्हा नैवेद्याच्या रोटाचं पीठ रत्ना गिरणीतून दळून घेऊन आली. त्या गिरणीत सगळ्यांचं सगळं दळलं जातं म्हणून बेबाबाईने ते उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. भाऊबंदांसमोर. आवाज न चढवता, नेहमीसारखं गोड बोलून. रत्ना ते गोड बोलणंच विसरली नव्हती.

"राहू द्या भाऊ," रत्ना म्हणाली. "अक्कांचं सोवळं मोडायला नको. आम्ही आहोत ना विटाळलेल्या. मी करस."

"तुला येतं?" योगराजने विचारलं.

"त्यात काय येवानं? थंडीत खोबरेल गोठतं, ते कसं करतात? गरम पाण्यात ठेवतात."

बेबाबाई पुढे आली. "रत्ना, उकळतं घेऊ नको. आणि झाकण ढिलं कर आधी. आत वाफ कोंडते."

रत्नाने वळून पाहिलं. तिच्या ओठांवर जे हसू होतं ते पाहून चार बायका काम करायच्या थांबल्या.

"झाकण ढिलं करू? वास सुटला की तूच म्हणशील, शुक्रवारी माझ्या नाकात आंबट गेलं. मागच्या महिन्यात तोंडाला पदर लावून कोण ओरडत होतं? मी नाही ढिलं करत. तुझी देवी माझ्यावर कोपायला नको."

बायका खुदकन हसल्या. योगराजही हसला. आणि बेबाबाईने जे करायचं नव्हतं तेच केलं. ती गप्प बसली. वासाबद्दल ती बोलली होती हे खरंच होतं.

सोड्याच्या ढिगापाशी बसून तिने सुई ओवली. उघड्या दारातून आतलं दिसत होतं. रत्नाने मोठ्या टबात गिझरचं कढत पाणी सोडलं, वर शेगडीवरचं आधण ओतलं आणि पहिला कॅन त्यात उभा केला. झाकण घट्ट. वाफेने गॉगलवर धुकं आलं, तशी तिने गॉगल कपाळावर चढवला. बेबाबाई उठून उभी राहिली. वीस पावलं. जायचं, झाकणाला हात घालायचा, अर्धा आटा फिरवायचा. पोर टाळी वाजवेल तेवढ्या वेळाचं काम. पण झाकणाच्या आट्यात नेहमी ॲसिडची ओल असते. पंधरावा शुक्रवार. ती उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली.

रत्नाने कॅन हलवून पाहिला. कडेचं वितळलं होतं, मधला दगड तसाच होता, तो आत खडखडला. "झालं बघा तुमचं तीन तासांचं काम!" ती ओरडली. आणि कॅनवर वाकून तिने झाकण पिळलं.

पिचकारीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. किंकाळी त्याच्या मागून आली.

बेबाबाई धावली. दारातच तिला आठवलं, आपल्या हातांवर सोड्याची भुकटी आहे. तिने हातमोजे ओरबाडून काढले, हात डोक्याला गुंडाळलेल्या ओढणीला पुसले, पुन्हा पुसले. रत्ना भिंतीला धडकत होती. दोन्ही हात तोंडावर, पोलक्याचा पुढचा भाग भिजलेला. शिरक्याचा वास असा कोंडला होता की श्वास घेतला की घसा सोलून निघे.

"सोडा आणा सोडा!" योगराज किंचाळला. "ॲसिडवर सोडा मारा, मरून जातं ते!"

"सोडा आणाल तर हात तोडीन," बेबाबाई म्हणाली. बारा वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "डोळ्यात सोडा घालता? पाणी! पाणी कुठे आहे?"

अंगावर पाणी सोडायचा फवारा कोपऱ्यात होता, हिरव्या पाटीखाली. त्याच्यापुढे छातीएवढी पोती रचलेली. मागच्या आठवड्यात जागा नाही म्हणून योगराजनेच ती तिथे लावायला सांगितली होती. बेबाबाईने रत्नाला कंबरेत धरलं आणि ओढत अंगणात नेलं. तिथे टेम्पो धुवायचा नळ होता, लांब रबरी नळी लावलेला.

"हात नको लावू माले!" रत्नाने तिला लाथ मारली. "दूर हो! बाटशील!"

"बाटू दे."

तिने रत्नाला ओट्यावर आडवं पाडलं, गुडघ्याने खांदा दाबला, पोलकं टर्रकन फाडून काढलं आणि अंगावर आपली ओढणी टाकली. नळ सोडला. रत्नाने डोळे गच्च मिटलेले. बेबाबाईने दोन बोटांनी उजवी पापणी उघडून धरली आणि पाण्याची धार नाकाकडून कानाकडे सोडली, म्हणजे एका डोळ्यातलं दुसऱ्यात जाणार नाही. कारखान्यातल्या जुन्या केमिस्टने तिला हे एकदा बाहुलीवर दाखवलं होतं. वीस मिनिटं, त्याने सांगितलं होतं. घड्याळ बघून वीस. माणसाला पाच मिनिटं पण वीस वाटतात.

घड्याळ कुठलं आलंय? पण बेबाबाईला एक माप ठाऊक होतं. देवीच्या नावाची एक माळ, एकशे आठ मणी, घाई न करता, सात मिनिटं. रोजची. तिने मनात पहिला मणी ओढला.

पाणी बर्फासारखं होतं. रत्ना थरथरत होती, शिव्या देत होती. तिच्या सासरच्या सात पिढ्यांना, म्हणजे बेबाबाईच्याही. "मरी जासू मी! सोड! डोळ्यात कुणी टाचणी फिरवतंय! सोड व रांडे!" तिने नखांनी बेबाबाईचा गाल ओरबाडला. तिने तोंड फिरवलं तशी धार उसळून बेबाबाईच्या उघड्या तोंडात गेली. पाणीच ते, पण त्यात आंबट होतं. जिभेवर लख्ख लागलं. बेबाबाईला कळलं की शुक्रवार मोडला. साठावा मणी चालू होता. तिने एकसष्टावा ओढला.

दुसरी माळ संपत आली तेव्हा योगराज आला. "रिक्षा उभी आहे. बास झालं, उचला."

"नाही."

"अहो बेबाबाई, थंडीने मरेल ती! पुढचं दवाखाना बघेल."

"एक माळ राहिली."

"कसली माळ? इथे जप करताय तुम्ही?"

तिने पुढचा मणी ओढला. बोलली असती तर मणी चुकला असता. तिसरी माळ संपली तेव्हा तिने नळ बंद केला. तिची स्वतःची बोटं निळी पडली होती.

---

सिव्हिलच्या डोळ्यांच्या विभागात रत्नाला ठेवलं. डावा डोळा बचावला. उजव्यावर पट्टी, हनुवटीवर आणि गळ्याखाली फोड. तेही दुसऱ्या दिवशी उठले, निवांत. डॉक्टर तरुण बाई होत्या. म्हणाल्या, बुबुळावरचा पडदा भाजलाय, चार दिवसांनी पट्टी काढू, तोवर काही बोलत नाही. दीपक ट्रक घेऊन इंदूरच्या पुढे गेला होता, त्याला यायला आठवडा लागणार होता. म्हणून रात्रंदिवस उशाशी बेबाबाईच होती. रत्ना पाठ करून झोपायची. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने विचारलं, "कोण शे वं ही तुनी?"

"कुणी नाही," रत्ना म्हणाली. "हिच्या उपासापायी माझा डोळा गेला."

म्हातारीने बेबाबाईकडे असं पाहिलं की तिने वाटीतली खिचडी खाली ठेवली.

भाविकाचा फोन आला. "आई, उपास मोडला ना गं?"

"मोडला."

"मग?"

"मग काय? पुन्हा पहिल्यापासून."

"काकूंसाठी मोडलास म्हणून पुन्हा पहिल्यापासून? त्या तुला एवढं बोलतात आणि तू..."

"ठेव फोन," बेबाबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी योगराज आला. एका हातात केळी, दुसऱ्यात फाईल. रत्ना झोपली आहे असं पाहून त्याने बेबाबाईला व्हरांड्यात बोलावलं.

"उद्या सरकारी निरीक्षक येणार. सरळ सांगा, रत्नाने गॉगल स्वतःच्या हाताने वर केला. तेवढंच. ते खोटं नाही ना?"

"खोटं नाही."

"बस. पोत्यांचं काढायचं नाही, उकळत्या पाण्याचं काढायचं नाही. आमच्याकडे सगळे नियम लावलेत भिंतीवर."

"इंग्रजीत आहेत, भाऊ."

"तो तुमचा प्रश्न." त्याने आवाज खाली आणला. "आणि बेबाबाई, जास्त बोलाल तर मी पण बोलेन. झाकण ढिलं करायचं असतं हे कुणाला माहीत होतं? एकट्या तुम्हाला. वीस पावलांवर बसला होतात. देवीचं नाव घेत. हे मी चार माणसांपुढे विचारलं तर काय उत्तर द्याल?"

बेबाबाई आत गेली. केळी तिने शेजारच्या म्हातारीला दिली. रात्रभर ती बाकावर बसून होती. गालावरचा ओरखडा चुरचुरत होता. देवीचं नाव घेऊ पाहत होती, पण दर वेळी मण्याच्या जागी ते झाकण येत होतं. रोटाचं पीठ परत केलं तेव्हाही आपण असंच केलं, तिला वाटलं. हात स्वच्छ ठेवले आणि समोरच्याचं काय झालं ते पाहिलं नाही.

निरीक्षक दहाला आले. खुर्ची ओढून रत्नाच्या खाटेपाशी बसले, कारकुनाने कागद काढला. योगराज खाटेच्या पायगतीशी उभा राहिला, हात मागे बांधून.

"तुम्ही काय पाहिलंत?"

बेबाबाईने पदर सारखा केला आणि नेहमीच्या मऊ आवाजात सगळं सांगितलं. पारा नऊवर होता. पाणी उकळतं होतं. रत्नाने गॉगल कपाळावर चढवला होता, कारण वाफेने दिसत नव्हतं. फवाऱ्यापुढे पोती होती, ती योगराजभाऊंनी लावायला सांगितली आणि आम्ही बायकांनी लावली, कुणी नाही म्हटलं नाही. ते सोडा मारा म्हणाले. झाकण घट्ट होतं.

"घट्ट का ठेवलं?"

"माझ्यामुळे. शुक्रवारी मला वास चालत नाही म्हणून मी आधी कुरकुरले होते. मी तिला ढिलं कर म्हटलं, पण एकदाच म्हटलं. मग मी स्वतः उठून ढिलं करायला पाहिजे होतं. उठले होते. पुन्हा बसले."

"का?"

"उपास होता."

कारकुनाने पेन थांबवून निरीक्षकांकडे पाहिलं. "हे लिहू का, साहेब?"

"सगळं लिहा," निरीक्षक म्हणाले.

योगराजचा चेहरा पडला, मग लाल झाला. जाता जाता तो बेबाबाईच्या कानाशी म्हणाला, "उद्यापासून येऊ नका." ती म्हणाली, "बरं."

तो गेल्यावर खाटेवर रत्ना उठून बसली. तिच्या एका डोळ्यात आग होती.

"मना गॉगलनं कसाले सांगं तू?"

"खरं होतं म्हणून."

"तुझं खरं! त्याचं सांगितलंस, स्वतःचं सांगितलंस, माझं पण सांगून मोकळी! आता ते म्हणतील बाईचीच चूक. मोठी आली हरिश्चंद्राची लेक." तिचा श्वास जोरात चालला होता. "आणि उठली होतीस म्हणे. उठली होतीस, मग आलीस का नाही? वीस पावलं होती ना?"

"हो."

"मी असते तर आले असते. शिव्या देत आले असते, पण आले असते."

"हो," बेबाबाई म्हणाली. "तू आली असतीस."

रत्नाला भांडायला काही उरलं नाही, म्हणून ती आणखीच चिडली. तिने उशी भिंतीवर मारली.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी पट्टी काढली. डोळा लाल होता, बुबुळावर दुधाची साय धरल्यासारखं. डॉक्टरांनी तिच्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली.

"किती?"

रत्नाने मान पुढे काढली.

"किती दिसतात?"

"बोटं नाही दिसत. काहीतरी हलतंय. धुकं शे सगळं."

डॉक्टर जवळ आल्या. एक वीत अंतरावर. "आता?"

बेबाबाईने पदराचं टोक मुठीत आवळलं.

"दोन," रत्ना म्हणाली. "नाही. तीन?"

"तीन," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी कागदावर काही लिहिलं. "वाईट नाही. किती सुधारेल ते दोन-तीन महिन्यांनी कळेल, पूर्वीसारखं होईल असं मी सांगणार नाही. लगेच पाणी मारलं म्हणून एवढं तरी आहे. कोणी मारलं?"

"मारलं?" रत्ना म्हणाली. "बुडवलं मला. अंगणात उघडी करून."

डॉक्टरांनी हसू दाबलं आणि औषधाची बाटली काढली. "दर दोन तासांनी एक थेंब. रात्रीसुद्धा. स्वतःचं स्वतः घालायचं नाही, बाटलीचं टोक लागेल डोळ्याला. घरी कोण घालेल?"

"नवरा येईल."

"तो ट्रकवर असतो म्हणालात ना? मग?"

रत्नाने खोलीभर पाहिलं. शेजारची म्हातारी घोरत होती. दाराशी कुणी नव्हतं. मग तिने उताणं पडून स्वतःच्या बोटांनी उजव्या डोळ्याच्या पापण्या फाकवल्या.

"घाल," ती म्हणाली. "पण बोलायचं नाही."

"नाही बोलत."

बेबाबाईने हात साबणाने धुतले, दोनदा. बाटली उलटी धरली. चार दिवसांच्या जागरणाने तिला नीट दिसत नव्हतं. थेंब फुगला, लोंबला आणि डोळा चुकवून रत्नाच्या गालावरून ओघळत कानात गेला.

"आंधळी शे का व?" रत्ना कडाडली.

बेबाबाईने तिची हनुवटी डाव्या हाताने घट्ट धरली आणि बाटली पुन्हा उलटी केली.